मोठ्या आतड्याचा जुनाट दाह : औषध, पथ्य आणि हळदीचा हिशोब

पोटाच्या दुखण्याविषयी चारचौघांत बोलणे आपल्याकडे असभ्य मानले जाते. ताप आला, पाय मोडला, तर सारी आळी चौकशीला येते. परंतु दिवसातून दहा वेळा शौचास जावे लागते आणि रक्त पडते, ही गोष्ट माणूस घरच्यांनाही सांगत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय असाच एक सांगण्यास अवघड आजार आहे. डॉक्टर त्यास ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ म्हणतात. मराठीत ‘मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह’ असे म्हणता येईल. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु २०२१ सालापासून हा आजार माझ्या आईला आहे, आणि तिची औषधे, तपासण्यांचे कागद व डॉक्टरांच्या सूचना वाचून दाखविण्याचे काम घरात माझ्याकडे आहे. वाचता वाचता प्रश्न पडत गेले, आणि उत्तरे शोधता शोधता हा लेख झाला. लिहिण्यापूर्वी आईला विचारले. ती म्हणाली, “लिही, पण माझं नाव घालू नको.” म्हणून नाव घातलेले नाही.

प्रथम आजाराचे स्वरूप पाहू. आपले मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. पचून उरलेल्या अन्नातील पाणी शोषून घेणे हे त्याचे मुख्य काम. या आजारात आतड्याच्या आतील अस्तराला सूज येते, त्यावर व्रण पडतात आणि त्यांतून रक्त व शेंब झिरपते. दाहाची सुरुवात बहुधा गुदाशयापासून होते आणि तो सलगपणे वर चढत जातो. कोणाचा थोडक्यात थांबतो, कोणाचे संपूर्ण मोठे आतडे व्यापतो. शरीराची जी संरक्षक यंत्रणा जंतूंशी लढण्यासाठी असते, तीच आपल्या आतड्यावर उलटते, असे आज मानले जाते. ती का उलटते याचे एकच एक कारण सापडलेले नाही. आनुवंशिकता, आतड्यातील जिवाणू आणि राहणीमान या तिहींचा त्यात वाटा असतो. आजार संसर्गजन्य नाही. आईचे ताट वेगळे ठेवण्याचा सल्ला आमच्या एका नातेवाईक बाईंनी दिला होता, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

इंग्रज वैद्य सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्याचाच भाऊबंद म्हणावा असा दुसरा आजार म्हणजे ‘क्रोन’चा आजार. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी १९३२ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. हा आजार लहान आतड्यातही होतो, मध्ये मध्ये जागा सोडून होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. आपल्या देशात क्रोनचा आजार आणि आतड्याचा क्षय ओळखताना डॉक्टरांचीही गल्लत होते, इतके ते सारखे दिसतात.

हा श्रीमंत देशांचा आजार आहे, आपल्याकडे तो नाही, असा समज पुष्कळ वर्षे होता. पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी लोकांमध्ये जाऊन पाहणी केली आणि २००३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर लाख माणसांमागे सुमारे ४४ रुग्ण त्यांना आढळले. तेव्हा आजार होता. त्याला नाव मिळत नव्हते इतकेच.

आमच्या घरीही हेच झाले. रक्त पडते म्हणजे मूळव्याध, हा आमच्याकडचा ठाम सिद्धान्त. आईने वर्षभर मूळव्याधीचे चूर्ण घेतले. मग शेंब दिसू लागली, तेव्हा ‘आव झाली’ असे ठरले आणि आवेच्या गोळ्यांचे तीन फेरे झाले. गोळ्या घेतल्या की आठ दिवस बरे वाटे. ती रोजंदारीने शेतात कामाला जाते. शेतात आडोसा कुठला? म्हणून ती सकाळपासून काही खात नसे, पाणीही पीत नसे, म्हणजे जावे लागणार नाही. रात्री मात्र चार-पाच वेळा उठे. वजन ३८ किलोवर आले आणि हिमोग्लोबिन ७ वर, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले. तेथे दुर्बिणीने आतडे पाहिले, आतील अस्तराचा कणभर तुकडा तपासला आणि निदान झाले. पहिले रक्त दिसल्यापासून निदानापर्यंत चौदा महिने गेले होते. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जंतूंमुळे होणारी आवही आपल्याकडे खरोखरच पुष्कळ आहे, आणि ती असताना स्टिरॉइड दिले तर जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टर आधी शौचाची तपासणी करतात, ते योग्यच आहे. चूक होते ती तपासणीवाचून तीन-तीनदा त्याच गोळ्या घेण्यात.

आता औषधांकडे वळू. त्यांचा इतिहास मला एखाद्या कथेसारखा वाटला. १९४० च्या सुमारास स्वीडनमध्ये नाना स्वार्ट्झ नावाच्या विदुषी डॉक्टर सांधेदुखीवर औषध शोधीत होत्या. सांधेदुखी जंतूंमुळे होत असावी, अशा समजुतीने त्यांनी जंतुनाशक ‘सल्फा’ आणि सूज उतरविणारे सॅलिसिलिक आम्ल यांची जोडी जमविली. त्यातून ‘सल्फासॅलॅझिन’ तयार झाले. ज्या रुग्णांना आतड्याचाही दाह होता, त्यांचे आतडे या औषधाने सुधारले! १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी २१० रुग्णांवर कॉर्टिसोन या स्टिरॉइडचा प्रयोग केला. कॉर्टिसोन मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के रुग्णांचा आजार शमला. खोटी गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. पुढे १९७७ मध्ये त्याच ऑक्सफर्डात ट्रूलव्ह यांच्यासमवेत आझाद खान या बंगाली डॉक्टरांनी सल्फासॅलॅझिनचे दोन भाग सुटे करून ते रुग्णांना बस्तीवाटे दिले, आणि गुण येतो तो सॅलिसिलिक आम्लाच्या भागाचा, सल्फाचा नव्हे, हे दाखविले. आज ‘मेसालॅमिन’ नावाने जे औषध मिळते ते हेच. सांधेदुखीच्या चुकीच्या तर्कातून निघालेले औषध आतड्याला लागू पडले आणि ते का लागू पडले हे समजायला पस्तीस वर्षांहून अधिक काळ गेला, याचे मला फार नवल वाटते.

आईला सुरुवातीस स्टिरॉइड देऊन हळूहळू कमी केले आणि सल्फासॅलॅझिन चालू ठेवले, कारण ते स्वस्त पडते. २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत ती इतकी सुधारली की जत्रेला गेली. आणि इथेच खरा प्रश्न उभा राहतो. बरे वाटत असताना औषध कशासाठी घ्यायचे? हा आजार जातो आणि येतो. मधला काळ महिन्यांचा असतो, कधी वर्षांचा. त्या काळात माणूस निरोगी दिसतो. रोज सहा गोळ्या मोजून घेणाऱ्या निरोगी माणसाला शेजारीपाजारी काय म्हणतात ते मी ऐकले आहे. त्याच दिवाळीत कोणीतरी हळदीच्या कॅप्सूल आणून दिल्या. ‘गोळ्यांनी किडनी जाते, हे निसर्गाचे आहे’ असे सांगितले. आईने गोळ्या बंद केल्या आणि कॅप्सूल सुरू केल्या. त्यांची किंमत गोळ्यांपेक्षा जास्त होती, हेही नमूद करते. संक्रांतीला पुन्हा रक्त सुरू झाले.

यात दोष हळदीचा होता काय? तसे म्हणणे बरोबर होणार नाही. शोध घेता मला आढळले की हळदीची बाजू पुष्कळ भक्कम आहे. जपानमध्ये हनाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ८९ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. सारे रुग्ण त्या वेळी बरे होते. निम्म्यांना हळदीतील ‘कर्क्युमिन’ हे द्रव्य रोज २ ग्रॅम दिले, निम्म्यांना खोटी गोळी. सहा महिन्यांत कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांचा आजार उलटला, दुसऱ्या गटात सुमारे २० टक्क्यांचा. हा फरक लहान नाही. २०१५ मध्ये दुसऱ्या एका प्रयोगात ज्यांचा आजार सौम्य ते मध्यम जोरात होता अशा ५० रुग्णांना घेतले. ३ ग्रॅम कर्क्युमिन मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा आजार महिन्याभरात शमला, खोट्या गोळीच्या गटात एकाचाही नाही.

मग आईच्या बाबतीत काय चुकले? या दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट आहे, ती जाहिरातीत कोणी सांगत नाही. दोन्ही गटांतील प्रत्येक रुग्ण आपली नेहमीची सल्फासॅलॅझिन किंवा मेसालॅमिनची औषधे घेतच होता. नुसत्या हळदीवर एकही माणूस ठेवलेला नव्हता. हळद औषधाच्या जोडीला दिली तर उपयोग होतो, एवढेच या प्रयोगांनी दाखविले. औषधाच्या जागी हळद घ्यावी असे त्यांत कोठेही नाही. हे वाचले तेव्हा मला आईच्या कॅप्सूलची डबी आठवली. तीवर ‘संशोधनाने सिद्ध’ असे छापले होते. ते अर्धे खरे होते, आणि त्या अर्ध्याच भागावर आमचा जानेवारी महिना गेला.

दुसरा प्रश्न : कॅप्सूल नको, रोजच्या जेवणातली हळद पुरणार नाही काय? यासाठी मी घरी हिशोब केला. पाव किलो हळदीची पिशवी आम्हां पाच माणसांना चाळीस दिवस पुरली, म्हणजे माणशी रोज सव्वा ग्रॅम. हळदीत कर्क्युमिनचे प्रमाण साधारण ३ टक्के धरले, तर रोज पोटात जाते ते ०.०४ ग्रॅमच्या आत. प्रयोगात दिले होते २ ग्रॅम. म्हणजे आमच्या आमटीच्या सुमारे पन्नास पट! तेवढे हवे तर माणशी रोज ६५-७० ग्रॅम हळद खावी लागेल. सांगलीच्या बाजारपेठेला ते आवडेल, पण जेवणाऱ्याला झेपणार नाही. शिवाय अर्क काढलेले, शोषण वाढविण्यासाठी मिरीचे सत्त्व घातलेले कर्क्युमिन काही व्यक्तींच्या यकृताला इजा करते, असे अनुभव अलीकडे नोंदले गेले आहेत. तेव्हा ‘नैसर्गिक’ म्हणून तेही डॉक्टरांना न सांगता घेण्यासारखे नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन परिसरातून आपल्याकडच्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली; १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. आयुर्वेदाविषयी मला आदर आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीच्या विकारांवर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात ताकाचे महत्त्व सांगितले आहे. मात्र ग्रंथाचा मान आणि बाजारातल्या बाटलीचा मान एक नव्हे.

औषध सोडण्याच्या प्रश्नावर शिकागोच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये केलेला अभ्यास मला सर्वांत बोलका वाटला. आजार शमलेले ९९ रुग्ण त्यांनी वर्षाहून अधिक काळ पाहिले. जे नेमाने गोळ्या घेत होते, त्यांची बरे राहण्याची शक्यता ८९ टक्के. जे चुकवीत होते, त्यांची ३९ टक्के. हा आकडा मी आईला सांगितला नाही. शंभरांतल्या एकोणनव्वद बाया आणि शंभरांतल्या एकोणचाळीस बाया, असे सांगितले. ते तिला चटकन पटले.

माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा एक प्रयोग आहे, तो लपविणे योग्य होणार नाही. स्पेनमध्ये १९९९ मध्ये १०५ बऱ्या असलेल्या रुग्णांचे तीन गट केले. एकास इसबगोलाचे बी रोज २० ग्रॅम, दुसऱ्यास मेसालॅमिन, तिसऱ्यास दोन्ही. वर्षाअखेर अनुक्रमे ४०, ३५ आणि ३० टक्के रुग्णांना उपचार लागू पडला नाही असे दिसले. म्हणजे इसबगोल औषधाच्या फारसे मागे नव्हते! आपल्या गुजरात-राजस्थानात पिकणारे, दुकानात सहज मिळणारे इसबगोल. आतड्यातील जिवाणू या तंतूंपासून ब्युटिरेट नावाचे आम्ल बनवितात आणि ते आतड्याच्या अस्तराचे अन्न आहे, असे त्याचे कारण सांगतात. परंतु प्रत्येक गटात तीस-पस्तीसच माणसे होती. एवढ्यावरून कोणी आपली गोळी बंद करावी असे मला वाटत नाही. आईच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी आजार शांत असताना गोळ्यांच्या जोडीला एक चमचा इसबगोल, भरपूर पाण्यातून, चालेल असे सांगितले. क्रोनच्या आजारात आतडे अरुंद झाले असेल तर मात्र ते अडकू शकते.

ताकाचाही हिशोब हळदीसारखाच निघतो. २००९ मध्ये भारतातील १४७ रुग्णांवर उपकारक जिवाणूंच्या मिश्रणाचा प्रयोग झाला. बारा आठवड्यांनी जिवाणू घेणाऱ्यांपैकी सुमारे ४३ टक्क्यांचा आजार शमला, इतरांपैकी सुमारे १६ टक्क्यांचा. परंतु त्यात एका वेळी ३.६ लाख कोटी जिवाणू, आणि असे दिवसातून दोनदा, दिले जात होते. तेही ठरावीक जातींचे. घरच्या ताकात कोणते व किती, हे कोणी मोजलेले नसते. ताक प्यावे, सोसत असेल तर अवश्य प्यावे. त्याला औषध समजू नये. माशाच्या तेलाविषयी एका वाक्यात सांगता येईल : क्रोनच्या आजारात २००८ मध्ये दोन मोठे प्रयोग झाले आणि दोन्हींत त्याचा फायदा दिसला नाही.

मग पूरके घ्यावयाचीच नाहीत काय? घ्यावयाची आहेत, पण ती जाहिरातीतली नव्हेत. रक्त जाते म्हणून लोह. गोळीने पोट बिघडत असेल किंवा कमतरता फार असेल तर ते शिरेवाटे देतात. आईला तसेच दिले. सल्फासॅलॅझिन फॉलिक आम्लाचे शोषण कमी करते, म्हणून फॉलिक आम्लाची गोळी. स्टिरॉइडमुळे हाडे ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व. क्रोनच्या आजारात लहान आतड्याचा शेवटचा भाग बिघडला तर ब-१२. यांतील एकही गोष्ट चमत्कार करीत नाही. आजाराने आणि औषधाने जे नेले ते परत भरते. किराणा मालाच्या दुकानात उधारी फेडावी तसे हे आहे.

पथ्याच्या बाबतीत तर प्रत्येक घर वैद्य असते. दूध सोडा, गहू सोडा, तूर सोडा, वांगे तर बघूच नका. आईने ऐकून ऐकून सारेच सोडले आणि पेजेवर राहू लागली. वजन घटले ते केवळ आजाराने नव्हे, या पथ्यानेही. या आजारात सर्वांना लागू पडेल असा निषिद्ध पदार्थांचा तक्ता नाही. आजार जोरात असताना मऊ भात, मुगाचे वरण, शिजवून सालपट काढलेली भाजी, केळे, अंडे असे हलके पण पुरेसे खावे. ठेचा, कच्ची कोशिंबीर, मक्याचे कणीस बाजूस ठेवावे. शांत असताना हळूहळू नेहमीच्या जेवणावर यावे. दूध सोसत नसेल तर सोडावे. सोसत असताना भीतीने सोडले तर हाडांचे नुकसान ठरलेले. आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणा करतो : शौच किती वेळा, रक्त आले काय, काय खाल्ले. सहा महिन्यांच्या खुणांवरून आईला शेंगदाण्याची चटणी बाधते आणि ज्वारीची भाकरी बाधत नाही असे दिसले. दुसऱ्या कोणाचे उलट असेल. उपवासांचा प्रश्न अवघड होता. आठवड्यातून दोन उपवास आणि त्या दिवशी साबुदाणा, शेंगदाणे, हिरवी मिरची. आई उपवास सोडीना. शेवटी एकच ठेवला, आणि त्या दिवशी ती राजगिऱ्याची लापशी व केळी खाते.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०२२ मध्ये आहारावर एक महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. निरोगी माणसाच्या आतड्यातील जिवाणू रुग्णास देऊन, जोडीला दाह कमी करणारा भारतीय आहार ठेवला. अशांपैकी सुमारे ६६ टक्क्यांना उतार पडला, नेहमीच्या उपचारांवरील रुग्णांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. आहाराचा अभ्यास आपल्या ताटावर व्हावयास हवा, परदेशी ताटावर नव्हे, असे मला वाटत होतेच. तो होऊ लागला आहे.

राहणीमानाविषयी थोडेसे. अंग दुखले की शेतमजूर बाया दुकानातून सुट्या वेदनाशामक गोळ्या आणतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी हा आजार उसळू शकतो. ही एकच माहिती आम्हांला आधी असती तर एक उसळी टळली असती, असा माझा समज आहे. अंगदुखीला आता आई डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटॅमॉल घेते. धूम्रपानाचे गूढच आहे : सिगारेट ओढणाऱ्यांत अल्सरेटिव्ह कोलायटिस कमी आढळतो, तर क्रोनचा आजार सिगारेटने बळावतो. म्हणून कोणी विडी ओढावी असे नव्हे. फुप्फुसे आतड्याची भरपाई करीत बसणार नाहीत. काळजीने हा आजार जडत नाही, परंतु काळजी व जागरणाने तो उसळताना आम्ही पाहिला आहे. ‘आराम करा’ असे डॉक्टर लिहून देतात. रोजंदारीवरच्या बाईने तो कोठून आणावा? दोन गोष्टी जमल्या. मुकादमाला मी स्वतः भेटून सांगितले, त्यामुळे वस्तीजवळच्या शेतातले काम तिला मिळते. आणि पंचायतीच्या योजनेतून बांधलेल्या, परंतु सरपण भरून ठेवलेल्या संडासातून सरपण बाहेर काढले. तिच्या औषधोपचारात मी त्याचीही गणना करते.

एक तपासणी पुढे आहे. दाह पुष्कळ वर्षे राहिला तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून लक्षणे सुरू झाल्यापासून आठव्या वर्षाच्या सुमारास दुर्बिणीने पुन्हा आतडे पाहतात, आणि पुढे किती वर्षांनी पाहावे हे त्यावरून ठरते. रुग्णाला काही त्रास नसला तरीही पाहतात. आईचे आठवे वर्ष २०२९ साली येते. त्या सालची दिनदर्शिका अजून छापलेली नाही, म्हणून मी ते तिच्या औषधांच्या डबीच्या झाकणावर आतून लिहून ठेवले आहे.